मेल्यानंतरची मजुरी

जॉर्ज ए. रोमेरो या अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शकाचे १६ जुलै २०१७ रोजी टोरांटो येथे निधन झाले. परंतु त्याआधी सहा वर्षे, २०११ च्या मे महिन्यात, ते एका व्हिडिओ गेममध्ये प्रेत होऊन वावरू लागले होते, आणि तेथे ते अद्यापही वावरत आहेत. 'कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स' या युद्धखेळाला जोडून विकण्यात आलेल्या 'कॉल ऑफ द डेड' या भागाची कथा अशी : सैबेरियाच्या गोठलेल्या किनाऱ्यावर रोमेरो एका भयपटाचे चित्रीकरण करीत आहेत. सारा मिशेल गेलर, डॅनी ट्रेहो, रॉबर्ट इंग्लंड आणि मायकेल रूकर हे खरेखुरे नट खेळातही स्वतःच्याच नावाने उभे आहेत. इतक्यात खरोखरीची चालती प्रेते येतात आणि दिग्दर्शकालाच ओढून नेतात. पुढे तो बर्फाळ पाण्यातून वर येतो तो त्यांच्यांतलाच एक होऊन. चित्रीकरणाचा विजेचा दिवा हेच त्याच्या हातातले शस्त्र. त्याच्या वाटेला कोणी गेले नाही तर तो संथपणे फिरत राहतो, गोळी लागली की खवळून धावतो आणि पाण्यात शिरला की शांत होतो. भरपूर दारूगोळा खर्च करून त्याला पाडता येते. पण काही फेऱ्या उलटल्या की तो पुन्हा कामावर हजर होतो.

चेहरा रोमेरो यांचा, आवाजही त्यांचाच, आणि अर्थातच त्यांच्या संमतीने. या विनोदात ते स्वतः सामील होते. तरीही विनोद म्हणून ही घटना सोडून देणे योग्य होणार नाही. व्हिडिओ गेम हा पोरखेळ आहे अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. ९ नोव्हेंबर २०१० रोजी हा मूळ खेळ बाजारात आला, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत उत्तर अमेरिका आणि ब्रिटन मिळून त्याच्या ५६ लाख प्रती विकल्या गेल्या आणि ३६ कोटी डॉलर गोळा झाले. रोमेरो ज्या जोडभागांच्या संचात होते, त्याची किंमत १५ डॉलर होती. एवढ्या मोठ्या बाजारपेठेत ज्याचा चेहरा विकला जातो, त्या माणसाचा या धंद्याशी आर्थिक संबंध काय होता, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधू लागल्यास १९६८ सालापर्यंत, आणि तेथून आणखी मागे, हैतीच्या उसाच्या मळ्यांपर्यंत जावे लागते.

रोमेरो पिट्सबर्गमध्ये मित्रांसह जाहिरातपट आणि छोटे चित्रपट तयार करीत असत. या मंडळींनी 'इमेज टेन' नावाची कंपनी काढली. दहा जणांनी प्रारंभी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. पुढे आणखी पैसे उभे राहिले आणि सुमारे १,१४,००० डॉलरांत एक कृष्णधवल चित्रपट पुरा झाला. पेनसिल्व्हेनियातील इव्हान्स सिटीजवळच्या एका जुन्या शेतघरात त्याचे चित्रीकरण झाले. मेलेले उठतात, जिवंतांना खातात आणि ज्याला ते चावतात तोही मरून त्यांच्यांत सामील होतो, एवढीच कल्पना. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा तो चित्रपट १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये प्रथम झळकला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जपावयाच्या चित्रपटांत त्याचा समावेश केला.

या चित्रपटाचे मूळ नाव निराळे होते. वितरकांनी ते बदलले आणि नावाची पाटी नव्याने करून घातली. जुन्या पाटीवर नावाच्या खाली कॉपीराइटची ओळ होती. नव्या पाटीवर ती ओळ घालावयाची राहून गेली. अमेरिकेत त्या वेळी १९०९ चा कायदा चालू होता आणि त्यानुसार ही ओळ नसताना कृती प्रसिद्ध झाली की तिच्यावरील हक्क संपुष्टात येत असे. १९७६ च्या कायद्याने ही कठोरता पुढे सौम्य झाली. पण आधीच गेलेला हक्क त्याने परत मिळाला नाही. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ही चूक परिचयाची वाटेल. कागद नवा टंकलिखित झाला आणि तळटीप उतरवून घ्यावयाची राहिली, असा हा प्रकार. फरक इतकाच की येथे त्या एका ओळीची किंमत एका चित्रपटाचे संपूर्ण उत्पन्न एवढी होती. त्यानंतर ज्याला मनात येईल त्याने हा चित्रपट दाखवावा, दूरदर्शन केंद्रांनी मध्यरात्री लावावा, चित्रफितींच्या कंपन्यांनी छापून विकावा. निर्मात्यांना त्यातून काही देण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य लाभाचा नमुना होय : खर्च एकाचा आणि फायदा साऱ्या जगाचा. परंतु हिशेब एवढ्यावर थांबविला तर तो अपुरा राहील. चित्रपट फुकट होता म्हणूनच तो सर्वत्र पोहोचला. तो विकत घ्यावा लागला असता, तर किती केंद्रांनी तो दाखविला असता? मध्यरात्रीच्या त्या फुकट प्रक्षेपणांनीच रोमेरो यांचे नाव आणि त्यांचे चालते प्रेत दोन पिढ्यांच्या मनात रुजविले. शिवाय रोमेरो यांनीही ही कल्पना शून्यातून निर्माण केली नव्हती. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ च्या 'आय अ‍ॅम लेजंड' या कादंबरीचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. ज्या शब्दाने आज या प्रेतांना सारे जग ओळखते, तो 'झॉम्बी' हा शब्द तर १९६८ च्या चित्रपटात उच्चारलेलाही नाही. (मराठीतील 'झोंबी'शी त्याचे नाते नाही, हे सांगण्याची गरज नसावी.)

तो शब्द हैतीचा आहे. तेथील लोकसमजुतीप्रमाणे मांत्रिक मेलेल्या माणसाला थडग्यातून उठवितो, तो त्याने जिवंतांना खावे म्हणून नव्हे; शेतात राबावे म्हणून. आपल्याकडील वेताळाच्या आणि कामाला जुंपलेल्या भुतांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही कल्पना फारशी परकी वाटणार नाही. परंतु आपल्या गोष्टीतले भूत चतुर असते, धन्याला कोड्यात टाकते, काम नाही दिले तर त्याच्यावरच उलटते. हैतीचा झॉम्बी तसा नाही. तो बोलत नाही, मागत नाही, थकत नाही. हैती ही फ्रेंचांची उसाची वसाहत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेले लाखो गुलाम तेथे राबले आणि मेले, आणि १७९१ मध्ये सुरू झालेल्या उठावातून १८०४ मध्ये त्यांच्या वंशजांनी स्वातंत्र्य मिळविले. अशा समाजाला झॉम्बीची भीती वाटत नाही; आपण झॉम्बी होऊ याची वाटते. मरणानेही गुलामगिरी सुटणार नाही, ही ती भीती होय.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकन लष्कराचा ताबा होता. त्याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकन लेखक तेथे गेला आणि उसाच्या फडात राबणाऱ्या मेलेल्या मजुरांची हकीकत त्याने १९२९ च्या आपल्या पुस्तकात लिहिली. तीत एका अमेरिकन साखर कंपनीचेही नाव येते. तीन वर्षांनी, १९३२ मध्ये, 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट निघाला. साखरेच्या गिरणीत प्रेते चरक फिरवीत आहेत, एक जण आत पडतो, आणि बाकीचे न थांबता फिरवीतच राहतात, हे त्यातील दृश्य औद्योगिक संबंधांवरील अनेक ग्रंथांपेक्षा अधिक बोलके आहे. त्या प्रेतांच्या मालकाची भूमिका बेला लुगोसी या नटाने केली होती. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

रोमेरो यांनी या परंपरेत एक मूलगामी बदल केला, आणि त्यांचे खरे श्रेय तेथेच आहे. त्यांनी प्रेताचा मालक काढून टाकला. त्यांच्या चित्रपटातील प्रेत कोणाचेही नोकर नाही. त्याला काम नाही, नुसती भूक आहे. १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये तर ही प्रेते पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल येथील एका प्रचंड खरेदी-संकुलात जमतात आणि सवयीने दुकानांमधून हिंडत राहतात. राबणारा मजूर जाऊन त्याच्या जागी गिऱ्हाईक आले. एका शतकात भांडवलशाहीचा गुरुत्वमध्य उत्पादनाकडून उपभोगाकडे कसा सरकला, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी क्वचितच दाखविले असेल.

व्हिडिओ गेमच्या धंद्याने उचलले ते हेच बिनमालकाचे प्रेत. त्याचे कारण उघड आहे. ज्याला मारताना खेळणाऱ्याला अपराधी वाटू नये, ज्याला देश नाही, धर्म नाही आणि ज्याच्या वतीने कोणी निषेध करणार नाही, असा शत्रू या धंद्याला हवाच असतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट इव्हिल' १९९६ मध्ये आला. या मालिकेच्या आजवर १५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. मालिकेतील दुसऱ्या खेळाची जपानमधील जाहिरात खुद्द रोमेरो यांनी दिग्दर्शित केली. नंतर त्यावरील चित्रपटाची पटकथाही त्यांच्याकडून लिहून घेण्यात आली. ती नाकारली गेली, आणि २००२ मध्ये जो चित्रपट आला तो दुसऱ्याच दिग्दर्शकाचा होता. २००६ मध्ये याच कंपनीने 'डेड रायझिंग' हा खेळ काढला : खरेदी-संकुल, प्रेते आणि अडकलेला नायक. या खेळाचा 'डॉन ऑफ द डेड'च्या हक्कधारकांशी संबंध नाही, असा खुलासा वेष्टनावर छापण्याची कंपनीला गरज वाटली, यातच सर्व आले. हक्कधारक कंपनीशी झालेला वाद २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेला. संकुलात अडकलेली माणसे आणि प्रेते यांचा सामना ही एक कल्पना आहे, आणि कल्पनेवर कोणाची मालकी असू शकत नाही, असा निर्णय तेथे झाला.

हा निर्णय बरोबरच होता. कल्पना कुंपणात घातल्या असत्या, तर मॅथेसन यांनी रोमेरो यांना आणि हैतीच्या शेतकऱ्यांनी सर्वांनाच न्यायालयात खेचावयास हवे होते. पण परिणाम काय झाला, तेही पाहिले पाहिजे. रोमेरो यांची कल्पना कायद्याच्या तत्त्वाने सर्वांची झाली आणि त्यांची पहिली कृती कारकुनी चुकीने सर्वांची झाली. ज्या उद्योगाचा पाया त्यांच्या कामावर उभा राहिला, त्या उद्योगाला त्यांच्याकडून विकत घ्यावे लागेल असे शेवटी एकच उरले : त्यांचा चेहरा. २०११ चा खेळ हा त्याचा दाखला आहे. आणि या खेळात, रोमेरो यांनी काढून टाकलेला प्रेताचा मालक पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

चेहऱ्याच्या मालकीचा कायदा मात्र अजून कोठेही नीट स्थिरावलेला नाही. याच 'ब्लॅक ऑप्स' मालिकेतील २०१२ च्या खेळात पनामाचे माजी हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगा यांना न विचारता पात्र करण्यात आले. तुरुंगातून त्यांनी दावा लावला. २०१४ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तो काढून टाकला. उलट, २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या खेळात कृष्णधवल चित्राच्या एका पर्यायाला अकिरा कुरोसावा यांचे नाव द्यावयाचे होते, तेव्हा कंपनीने त्यांच्या वारसांची परवानगी घेतली. कुरोसावा १९९८ मध्ये निवर्तले होते. २०१९ च्या 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये गिलेर्मो देल तोरो या दिग्दर्शकाचा चेहरा आहे आणि आवाज दुसऱ्याच नटाचा. माणसाचे असे सुटे भाग निरनिराळे भाड्याने देता येतात, हे आता धंद्याचे सर्वमान्य गृहीतक झाले आहे.

मृत्यूनंतर काय, या प्रश्नाशी बेला लुगोसी यांचे नाव जोडले गेले आहे. ते १९५६ मध्ये वारले. त्यांच्या ड्रॅक्युलाच्या रूपाची चित्रे वस्तूंवर छापण्याचे परवाने चित्रपट कंपनी विकत राहिली, म्हणून वारसांनी दावा केला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा हक्क माणसाबरोबर संपतो. त्यावर राज्याने नवा कायदाच केला. १९८५ पासून हा हक्क मृत्यूनंतर ५० वर्षे चालू लागला आणि पुढे ७० वर्षांचा झाला. न्यूयॉर्कने २०२० मध्ये ४० वर्षे ठरविली. इंडियानात हीच मुदत १०० वर्षे आहे. पडद्यावर प्रेतांना राबविणाऱ्या नटाचे स्वतःचे प्रेत कोणासाठी राबेल, यावरून हा सारा कायदा उगवला, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

वारसांना एवढी दीर्घ मालकी द्यावी काय? कॉपीराइटचे समर्थन असे की, मोबदल्याची खात्री असल्याखेरीज लोक निर्मिती करणार नाहीत. चेहऱ्याला हे लागू पडत नाही. मेल्यावर ७० वर्षे भाडे येईल म्हणून कोणी चांगला चेहरा घेऊन जन्माला येत नाही. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे म्हटले, ते येथे जवळजवळ जसेच्या तसे लागू होते : मालकाने काही केले नाही, तरी उत्पन्न येत राहते. त्या दृष्टीने वारसांचा पक्ष दुबळा आहे. परंतु तो अमान्य केला तर फायदा जनतेचा होत नाही, खेळ आणि चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांचा होतो. आणि नुकसान होते ते मृताचे नव्हे, जिवंत नटाचे. मेलेला नट फुकट मिळू लागला, तर जिवंत नटाला त्याच्याशी स्पर्धा करावी लागेल. आणि मेलेला नट आजारी पडत नाही, मानधन वाढवून मागत नाही, संपावर जात नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने व्हिडिओ गेमच्या कंपन्यांविरुद्ध २६ जुलै २०२४ रोजी संप पुकारला, तो जवळजवळ एक वर्ष चालला आणि २०२५ च्या जुलैमध्ये करारावर शिक्कामोर्तब झाले. मुख्य वाद मजुरीच्या दराचा नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेने नटाच्या आवाजाची आणि हालचालींची प्रतिकृती करावयाची तर त्याची संमती आणि मोबदला घेऊनच करावी, हा होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने मृत कलावंतांच्या अशा प्रतिकृतींसाठी वारसांच्या संमतीचे बंधन घातले. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण नुसत्या वारसांच्या हाती किल्ली देऊन जिवंतांचा प्रश्न सुटत नाही. यासाठी एक जुना दाखला उपयोगी पडेल. ध्वनिमुद्रिकांमुळे वादकांची कामे जाऊ लागली, तेव्हा अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १९४२ ते १९४४ या काळात ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. अखेर कंपन्यांनी प्रत्येक मुद्रिकेमागे ठराविक रक्कम एका निधीत घालण्याचे मान्य केले, आणि त्या निधीतून बेकार वादकांना प्रत्यक्ष, विनामूल्य जलशांसाठी मोबदला दिला जाऊ लागला. यंत्राच्या लाभातला एक वाटा यंत्राने हटविलेल्यांकडे वळविण्याची ही व्यवस्था होती. मृतांच्या चेहऱ्यांच्या भाड्याचा काही भाग जिवंत नटांच्या अशाच निधीत जाणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

भारतात रोमेरो यांच्यासारखा घात होणार नाही. येथे कॉपीराइटसाठी अशा ओळीची गरज नाही आणि चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. चेहऱ्याबाबत मात्र स्वतंत्र कायदाच नाही. जे आहे ते न्यायालयांच्या आदेशांतून. जिवंत कलावंतांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या अर्जावर संरक्षणाचे आदेश दिले. मृतांबाबत मात्र सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे म्हटले. म्हणजे आपण आज तेथे आहोत, जेथे कॅलिफोर्निया १९७९ मध्ये होते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' केव्हाच सर्वांचा झाला आहे. उद्या एखाद्या कंपनीने १९४४ मध्ये नाशिकला निवर्तलेल्या दादासाहेब फाळके यांना खेळातील पात्र केले, तर या निकालाच्या तर्काप्रमाणे कोणालाही विचारण्याचे कारण पडणार नाही.

फाळके यांच्यापेक्षा चिंता करावयाची ती आज करारावर सही करणाऱ्या नवख्या नटाची आणि आवाज देणाऱ्या कलावंताची. आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी हक्क दिले, असे एक कलम अशा करारांत सर्रास असते. लेखक-संगीतकारांना त्यापासून वाचविण्यासाठी २०१२ मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज त्यातील हक्क दिला गेला असे मानले जात नाही. ती दुरुस्ती कृतींसाठी आहे. चेहऱ्याचा आणि आवाजाचा उल्लेख तीत नाही.